‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती?

पहिलीतल्या मुलाला ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती असे विचारले, तर ते बोटांवर मोजून सांगेल : तीन. म, रा, ठी. हाच प्रश्न संगणकाला सी नावाच्या भाषेतून विचारला तर उत्तर येते पंधरा. पायथन नावाच्या भाषेतून विचारला तर पाच. आणि स्विफ्ट नावाच्या भाषेतून विचारला तर पुन्हा तीन. शब्द एकच, उत्तरे मात्र तीन तऱ्हेची!

मराठी घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलीने असल्या भानगडीत कशासाठी पडावे, असे आमच्या वर्गातल्या पुष्कळांनी मला विचारले आहे. ‘तू सायन्सला जायला हवं होतंस’ हे तर रोजचेच. हा लेख म्हणजे त्या साऱ्यांना दिलेले एकत्रित उत्तर समजावे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, प्रोग्रॅमिंगच्या भाषाभाषांत फरक तो कोणता आणि याचा आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांशी संबंध काय, हे मला जसे उमगले तसे सांगते. जाणत्यांनी चुका पदरात घ्याव्यात.

सुरुवात आजीपासून करावी लागेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीला तर अक्षरओळखही नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याचा तिला स्वतःलाच हिशेब नव्हता. दहावीच्या सुट्टीत मी तिच्यापाशी बसून एकशे अठरा ओव्या वहीत उतरवून घेतल्या. अकरावीत शाळेच्या प्रकल्पासाठी त्या तालुक्याच्या गावी एका डीटीपी सेंटरवर टाईप करून घेतल्या. पानाला तीस रुपये. वडिलांनी ते मजुरीतून दिले. छापील प्रत शाळेत जमा झाली ती झालीच. सेंटरवाल्या दादांनी सगळा मजकूर माझ्या मेलवर चिकटवून पाठवला आणि ‘जपून ठेव’ म्हणाले. पुढे एका पावसाळ्यात पत्रा गळून वहीचा लगदा झाला. तेव्हा मला फारसे वाईट वाटले नाही, कारण मजकूर ‘संगणकात’ होता.

गेल्या वर्षी आजी गेली. तेराव्यानंतर कॉलेजच्या संगणक कक्षात मी तो मेल उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हे यांचा नुसता खच! मराठीचे एक अक्षर नाही. कक्षातले दादा म्हणाले, ‘ताई, तुमची फाईल बिघडलीय.’

फाईल बिघडलेली नव्हती. ती पहिल्यापासून तशीच होती.

हे कसे ते सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत असल्या फायली पडून आहेत. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो. इंग्रजी वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक फार पूर्वीच ठरून गेला. मराठीसाठी एक युक्ती निघाली : क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या जागी चित्र देवनागरी अक्षराचे बसवायचे. कृतिदेव हा सर्वत्र आढळणारा फॉन्ट घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द उमटतो, पण फाईलमध्ये प्रत्यक्ष असतात ती ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे. म्हणजे नाटकातल्यासारखे सोंग! फॉन्ट अंगावर आहे तोवर राजा, फॉन्ट उतरला की मूळचा गडी. शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याने सोंगे वेगवेगळी दिली. एकाचा ‘म’ दुसऱ्याकडे ‘ण’ होईल याची कोणालाच पर्वा नव्हती. उलट गिऱ्हाईक बांधलेले राहते, हा फायदाच.

माझ्या ओव्या ज्या फॉन्टात होत्या त्याचे नाव इथे देत नाही. तो विकत घ्यावा लागतो आणि एक डोंगल यंत्राला लावल्याशिवाय तो चालत नाही, एवढेच कळले. डीटीपी सेंटर तोवर बंद पडून तिथे मोबाईलचे दुकान आले होते. म्हणजे माझ्या आजीचे शब्द, मी उतरवलेले, वडिलांच्या पैशांनी टाईप झालेले. आणि ते वाचण्याची किल्ली मात्र भलत्याच्या खिशात!

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पुस्तक न वाचता कळले.

पुस्तकी बाजू थोडक्यात सांगते. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो त्याला वाचता येणाऱ्या भाषेत. त्याला मूळ संहिता म्हणू. यंत्रासाठी तिचे आकड्यांत रूपांतर होते. बाजारात बहुधा हे रूपांतरच विकले जाते, मूळ संहिता कंपनीच्या कपाटात राहते. अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या छपाई यंत्रात सुधारणा करायची होती. कागद अडकला की सर्वांना आपोआप कळावे, एवढीच. जुन्या यंत्रात त्यांनी ती केलेली होती. नव्याची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी संपूर्ण मुक्त अशी प्रणाली उभारण्याची घोषणा केली आणि तिला ग्नू हे नाव दिले. कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी, बदललेलीही वाटावी. पण पुढच्याचे हे हक्क काढून घेऊ नयेत. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. (एकवीस! आपण त्या वयात टी.वाय.ची परीक्षा देत असतो.) ग्नूची सामग्री आणि हा गाभा मिळून आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली झाली. ‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यानंतरचा, १९९८ सालचा.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्याने तिकडे या विषयावर भांडणे फार झाली. आपल्याला ती अडचण नाही. ‘फुकट’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मला मात्र जात्याचाच दाखला पटतो. जाते गुळगुळीत झाले की पीठ जाडे पडते. मग ‘जात्याला टाकी लावा’ अशी हाक देत बाया दारावर येत, छिन्नीने टाकी लावून देत. आता कल्पना करा की जाते विकणाऱ्याने वर लिहून दिले आहे : हे जाते उचलून आत पाहायचे नाही, टाकी आम्हीच लावू, आमचे दुकान बंद झाले तर तुमचे नशीब. असले जाते कोणत्या बाईने घरात घेतले असते? संगणकाच्या बाबतीत मात्र आपण शिकलेली माणसे ते निमूटपणे घेतो.

असो. दादाने जुन्या बाजारातून सात हजारांना एक लॅपटॉप आणून दिला. त्यावर विंडोज १० होते, ज्याचा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला; आणि विंडोज ११ त्या यंत्राला झेपणारे नव्हते. मी त्यावर लिनक्स मिंट बसवले. लेखनासाठी लिबर ऑफिस. याचा वंश मोठा गमतीचा आहे : स्टार ऑफिस नावाचे जर्मन सॉफ्टवेअर १९९९ मध्ये सन कंपनीने घेतले, २००० मध्ये त्याची संहिता खुली करून ओपन ऑफिस केले. २०१० मध्ये सनच ऑरेकलच्या ताब्यात गेली. कार्यकर्त्यांना नव्या मालकाचा भरवसा वाटेना, तेव्हा त्यांनी त्याच वर्षी संहितेची प्रत घेऊन लिबर ऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. मालक बदलला म्हणून घर सोडावे लागले नाही. घरच उचलून नेले. त्याचे मेनूही मराठीत करून घेता येतात.

आता दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हा लेख कीर्तन होईल. लिबर ऑफिसमध्ये केलेली फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर मांडणी हलते. छपाईला देताना पीडीएफ करूनच द्यावी. लिनक्सचे प्रकार इतके की नवखा माणूस निवडतानाच थकतो. केडीई आणि ग्नोम या दोन डेस्कटॉपांच्या अनुयायांचे वाद वाचून मला आमच्या गावातल्या दोन गणेश मंडळांची आठवण झाली. वाद सुरू झाला तो मात्र तत्त्वावरून : १९९६ मध्ये सुरू झालेले केडीई ज्या क्यूटी नावाच्या पायावर उभे होते त्याचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये काहींनी ग्नोम काढले. पुढे क्यूटीचा परवाना मुक्त झाला, तरी मंडळे दोनच राहिली. पानांची मांडणी करणारे स्क्रायबस कितीतरी वर्षे मराठी जोडाक्षरे नीट जोडतच नव्हते. ते १.५ या मालिकेत सुधारले, आणि सुधारले कोणी, तर प्रामुख्याने ओमानमधल्या कार्यकर्त्यांनी. त्यांना अरबी हवी होती. तिची अक्षरेही एकमेकांना जोडली जातात. तिची सोय झाली तसे आपलेही काम झाले. कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये हे घडायला आधी कंपनीला अरबी आणि मराठी गिऱ्हाईक किती ते मोजावे लागले असते.

असाच दुसरा एक उपकार आपण रोज घेतो आणि आपल्याला पत्ता नसतो. क, हलन्त आणि ष एकत्र आले की पडद्यावर ‘क्ष’ कोण काढते? लिबर ऑफिस, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड मोबाईल या सर्वांत ते काम हार्फबझ नावाचा मुक्त प्रोग्रॅम करतो. त्याचे मुख्य लेखक बेहदाद एस्फाहबोद हे मूळचे इराणचे. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. हा हर्फ म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला ‘हरफ’च!

आता भाषांकडे वळते. सोंगे देणाऱ्या फॉन्टांवरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा, सर्वांनी मान्य केलेला क्रमांक. देवनागरीचा पट १९९१ मध्येच त्यात आला. तो भारतीय मानक इस्कीवर आधारलेला होता. सगळे सुरळीत झाले असे नव्हे. आपला ‘ॲ’ त्यात २००८ साली आला. तोवर ‘ॲप’ लिहायचे तर ‘अ’ला चंद्र चिकटवण्याची कसरत होती. युनिकोडमधले क्रमांक साठवण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ झाली ती यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर तिचा आराखडा केला. या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन खाने व्यापतो.

सुरुवातीचे कोडे आता सुटते. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. तिला अक्षर ठाऊक नाही, खाने ठाऊक. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी हे पाच वर्ण, प्रत्येकी तीन खाने, म्हणून पंधरा. पायथन वर्ण मोजते, म्हणून पाच. स्विफ्ट वाचणाऱ्याला एकसंध दिसणारे अक्षर मोजते, म्हणून तीन. कोणीच खोटे बोलत नाही. प्रत्येकीची ‘अक्षर’ या शब्दाची व्याख्या वेगळी. भाषाविज्ञानाच्या तासाला वर्ण आणि अक्षर यांतला भेद आम्ही घोकला होता. तो प्रत्यक्ष कामाला येताना मी पहिल्यांदा इथे पाहिला.

कोणती भाषा श्रेष्ठ, यावर संगणकवाले हिरीरीने भांडतात. सी वेगवान आहे आणि लिनक्सचा गाभा तिच्यातच लिहिला आहे, हे मान्य. पण कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सुरुवात पायथननेच करावी, असे माझे मत आहे. गिदो फान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. नाव सापावरून नव्हे, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतले. तीही मुक्तच. २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली तेव्हा शब्द म्हणजे खाने नव्हेत, वर्ण, असे ठरले. त्यासाठी जुने प्रोग्रॅम मोडले तरी कर्ते मागे हटले नाहीत. जुन्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. त्या आडमुठेपणाचा आपल्याला फायदा झाला. आज पायथनमध्ये ‘ओव्या’ हे नाव देवनागरीतच लिहून त्यात ओव्या साठवता येतात, आणि ‘१२’ असे मराठी अंक दिले तरी ते संख्या म्हणून समजतात. आज्ञा मात्र इंग्रजीतच राहतात, पण त्या शब्दांची संख्या चाळीसच्या आतबाहेर. इंग्रजीच्या धास्तीने कोणी मागे राहू नये. माझे इंग्रजी कसे आहे ते आमच्या मॅडमना विचारावे.

तरीही पायथनला मराठी येते असे नाही. तिला ‘कवठ, कसर, कळस’ हे शब्द अकारविल्हे लावायला सांगितले तर ‘कळस’ पहिला येतो. कारण युनिकोडच्या पटात ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसवला आहे, आपल्या कोशात तो ‘ह’नंतर येतो. पण इथे तक्रार करत बसावे लागत नाही. आपल्या वर्णमालेचा क्रम तिला दहा ओळींत शिकवता येतो, आणि मी तो शिकवला.

ओव्यांचे काम मला पाच आठवडे पुरले. डीटीपीवाल्या दादांनी तपासायला दिलेली दोन कच्ची पाने माझ्या जुन्या दप्तरात सापडली. त्यांच्याशी मेलमधला मजकूर ताडून पाहत कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर लपले आहे याची यादी केली. पानांवर नसलेल्या काही अक्षरांचा शोध मला पाठ असलेल्या ओव्यांवरून लागला. मला वाटले, आता अदलाबदल केली की झाले. झाले नाही. जुन्या फॉन्टात डोळ्यांना दिसतो तो क्रम असतो : ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : क आधी, वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट. ‘धर्म’मधला रफार दिसतो ‘म’च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फॉन्टात तो ‘म’नंतर येई, उच्चार मात्र ‘म’च्या आधी. त्यामुळे पहिल्या खेपेला सगळ्या वेलांट्या शेजारणीच्या घरी आणि रफार वाऱ्यावर. ते नियम लिहिता लिहिता प्रोग्रॅम सत्तर ओळींचा झाला. ज्या रात्री पहिली ओवी सरळ उमटली त्या रात्री मी आईला उठवून ती वाचून दाखवली. आई काही बोलली नाही. उठून चहा ठेवला.

राहिली ती प्रश्नचिन्हे. फॉन्टवाल्याने जोडाक्षरे इंग्रजीच्या १२७ क्रमांकांपलीकडच्या जागी ठेवली होती, आणि मेलमध्ये चिकटवताना त्या सगळ्यांच्या जागी एकच प्रश्नचिन्ह येऊन बसले होते. हे कोणत्याही प्रोग्रॅमने भरून येत नाही. जे साठवलेच गेले नाही ते परत कुठून आणणार? एकतीस ओव्यांत अशी भोके होती. बहुतेक संदर्भाने भरली : ‘वि’ आणि ‘ल’ यांच्या मध्ये प्रश्नचिन्ह असेल तर तो विठ्ठलच. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे, तिथल्या ओव्या वाचून आणखी दोन जागा सुटल्या.

मूळ मजकूर मी आता साध्या युनिकोड फाईलमध्ये ठेवला आहे. वाचण्यासाठी मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत : मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, आय.आय.टी. मुंबईचा शोभिका. मराठी विभागातल्या सरांनी विभागाच्या संगणकावरही एक प्रत घेतली. हा लेखही मी युनिकोडमध्येच दिला आहे. छापखान्यात तो पुन्हा जुन्या फॉन्टात बदलला जाईल, असे संपादक मंडळाकडून कळते. तेव्हा एखादी वेलांटी शेजारी गेलेली दिसली तर वाचकांनी ती माझी समजू नये.

एक जागा अजून अडली आहे. एका ओवीत भावाविषयी बोलताना ‘प’, मग प्रश्नचिन्ह, मग काना असा शब्द आला आहे. तो ‘पत्ता’ असेल किंवा ‘पट्टा’. मात्रा दोन्हींच्या सारख्याच बसतात. आत्या म्हणते पट्टा, कारण आजीचा धाकटा भाऊ टपाल खात्यात होता आणि त्याच्या पट्ट्याचे आजीला भारी कौतुक. धाकटी काकू म्हणते पत्ता, कारण तोच भाऊ नंतर मुंबईला गेला आणि त्याचा पत्ता कुणापाशीच नव्हता. दोघींनीही ओवी आजीच्या तोंडूनच ऐकली आहे. मी फाईलमध्ये प्रश्नचिन्ह तसेच ठेवले आहे आणि बाजूला दोन्ही शब्द लिहिले आहेत.